शंभरावी खुर्ची

बिटर्न लेकच्या शाळेत खुर्च्या शंभर, आणि शाळेच्या सनदेत मुलंही शंभर. या दोन शंभरांची गाठ मारून ठेवायचं काम आर्डिस लोकेनचं. शाळेच्या कचेरीत ती एकटीच. म्हणजे कारकून तीच, घंटा तीच, आणि कुणाचा गुडघा फुटला तर पट्टी लावणारीही तीच.

शाळा सरकारीच. फी नाही, कुणाच्याही लेकराला दार उघडं. फक्त ती गावानं चालवायची आणि कशी चालवणार ते एका सनदेवर लिहून द्यायचं. दर पाच वर्षांनी राजधानीतून, सेंट पॉलहून, शाळांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा माणूस ती सनद हातात घेऊन येणार, एकेक ओळ ताडून पाहणार. लिहिल्यासारखं असेल तर पुढची पाच वर्षं. नसेल तर कुलूप.

ती सनद लिहिली तेव्हा जिल्ह्यानं गावातली जुनी शाळा बंद करून दोन वर्षं झाली होती आणि तिचं सामान लिलावात निघालं होतं. खुर्च्यांचा गठ्ठा शंभरचा होता. किती मुलांची शाळा काढता, अशी वरून विचारणा आली तेव्हा सगळ्यांनी त्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "शंभर पुष्कळ झाली," कुणीतरी म्हणालं. "जास्त मागणं बरं दिसत नाही." झालं. कमी नाही, जास्त नाही, शंभर.

जागा मिळाली ती बंद पडलेल्या बोलिंग हॉलची. अजूनही पहिलीच्या वर्गातून तिसरीच्या वर्गाकडे जाताना गुळगुळीत लाकडी गल्ली लागते, तिच्यावर बाण कोरलेले आहेत, आणि मुलं बाणाच्या दिशेनंच पळतात. दाराशी भाड्याचे बूट ठेवायचे कप्पे होते, त्यांत आता मुलांचे बूट राहतात. कप्प्यांवरचे बुटांच्या मापांचे आकडे कुणी पुसले नाहीत. पहिलीतलं पोर छाती काढून सांगतं, "मी अकरा नंबरात असतो."

दर सप्टेंबरात आर्डिस शाळेचा परिचय लिहायची. राज्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेचं एक पान असतं, त्यात चौकटी असतात. विद्यार्थी: शंभर. त्यांतले एक्केचाळीस शेतकऱ्यांचे, ज्यांचे खापरपणजोबा नॉर्वेहून आले. तेहतीस करेन, ज्यांचे आईवडील बर्मा सोडून, थायलंडच्या छावण्यांत अर्धं आयुष्य काढून इथे बर्फात उतरले. सव्वीस मेक्सिकोकडचे, ज्यांची घरं गावाबाहेरच्या टर्की कोंबड्यांच्या मांसाच्या कारखान्यावर चालतात. सगळ्यात खाली एक चौकट असायची, 'विशेष'. तिथे आर्डिस दर वर्षी लिहायची, 'काही नाही.' स्वतःचं कौतुक स्वतः कसं लिहायचं?

यंदा ती पहिल्याच चौकटीत अडली.

ऑगस्टच्या शेवटी ट्वेटनांचं बिऱ्हाड फार्गोला गेलं आणि जाताना आपली तीन मुलं घेऊन गेलं. रिकाम्या झालेल्या तीन जागांपैकी दोन संध्याकाळच्या आत भरल्या. पहिलीतली एक उरली. आणि ती उरली म्हणूनच सगळं गाडं अडलं, कारण आता ती शेवटची होती.

बिटर्न लेकमध्ये शेवटचं काही कुणी घेत नाही. चर्चच्या तळघरात जेवण असू दे की कुणाच्या अंगणात साखरपुडा, ताटात रूबार्बच्या, म्हणजे इथल्या एका आंबट देठाच्या, वड्या आल्या की बघता बघता सरतात, आणि एक उरते. ती एक सगळ्यांना दिसते आणि कुणालाच दिसत नाही. मग एखादी बाई सुरी घेऊन येते, "मी आपली अर्धीच घेते हं," म्हणते. उरलेल्या अर्धीतून दुसरी अर्धी घेते, तिच्या उरलेल्यातून तिसरी. शेवटी मुंगीनंही लाजावं एवढा कण राहतो, आणि तो कण ताटासकट जिचं ताट तिच्या घरी परत जातो. ही रीत नॉर्वेहून आली म्हणावं, तर करेन मंडळी आली तीच मुळी "आत्ताच जेवून आलो" म्हणत आली. मेक्सिकोची माणसं तेवढी सुरुवातीला हसली. पाच हिवाळे काढल्यावर तीही सुरी मागायला लागली.

वाट पाहणाऱ्यांच्या यादीत चार नावं होती, चिठ्ठ्या टाकून लावलेली. आर्डिसनं पहिला फोन लोवेल हॉगेरुडला लावला. त्याची नात सिग्ने यादीत पहिली.

"लोवेल, आर्डिस बोलतेय. सिग्नेला पहिलीत जागा झालीय."

"हो का? वा वा. किती आहेत?"

"एक."

फोनमध्ये नुसता ट्रॅक्टर ऐकू आला. मग तोही बंद झाला.

"म्हणजे शेवटची?"

"शेवटची म्हणजे, एक आहे, एवढंच."

"नको गं बाई. दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल."

तिथे तीनदा विचारायची पद्धत आहे. पहिल्या 'नको'चा अर्थ 'ऐकलं', दुसऱ्याचा 'आवडलं', आणि तिसऱ्यांदा माणूस म्हणतो, "बरं, तुम्ही म्हणताच आहात तर." आर्डिसनं तीनदा विचारलं. चौथ्यांदाही विचारलं, जे तिनं जन्मात कधी केलं नव्हतं. लोवेल म्हणाला, "घे म्हणालीस यातच सगळं आलं," आणि मग हवा, मका, तिच्या भावाचा गुडघा असं करत वीस मिनिटांनी फोन ठेवला.

ओफेलिया बारागान कारखान्यातून सुटून थेट कचेरीत आली. तिची इत्सेल यादीत दुसरी.

"दोन्या आर्डिस," ती आदरानं म्हणाली, "तुमचे उपकार. पण नको. लोक काय म्हणतील? काल आली आणि शेवटची उचलली!"

"अगं, कोण म्हणेल?"

"मीच म्हणेन की."

तिसरा होता ए डो, शाळेचा स्वयंपाक करणाऱ्या नॉ पॉ वाहचा नातू. नॉ पॉ वाह आर्डिसला 'थ्रामू' म्हणायची. करेन लोक शिकवणाऱ्या बाईला तसं म्हणतात; आर्डिसनं कुणाला काही शिकवलं नव्हतं, हे तिनं दहा वर्षांत बऱ्याचदा सांगून पाहिलं होतं.

"थ्रामू, आमचा बारीक आहे," नॉ पॉ वाह भाताचा चमचा हलवत म्हणाली. "त्याला कमी जागा लागते. ज्याला पूर्ण लागते त्याला द्या."

चौथा पास्टरांचा अन्सगार. पास्टरांना तर विचारायलाच जीभ रेटेना. ते चर्चमध्ये 'शेवटचे तेच पहिले होतील' असं येशूचं वचन सांगणारे.

दोन दिवसांनी लोवेल पिकअप घेऊन आला. टोपी हातात, नजर कप्प्यांवर.

"आर्डिस, मोकळी ठेवणंही बरं दिसत नाही. आम्ही असं करतो, अर्धी घेतो."

"अर्धी काय?"

"खुर्ची. सकाळची. साडेआठ ते साडेअकरा. उरलेली राहू दे कुणाला तरी."

आर्डिसनं त्याच क्षणी नाही म्हणायला हवं होतं. ते तिला पुढे कितीदा वाटलं. पण माणूस अर्धी वडी घेतो तेव्हा त्याचा हात कोण धरतं? तिनं वहीत लिहून घेतलं: सिग्ने, एक छेद दोन.

बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली आणि सगळ्यांना हायसं वाटलं. सुरी आली होती. ओफेलियानं उरलेल्या तीन तासांतले दीड तास घेतले. नॉ पॉ वाहनं पाऊण तास. पास्टरांनी, फार संकोचून, साडेबावीस मिनिटं. त्यानंतर दुपारी दोन वाजून साडेसात मिनिटांपासून अडीचच्या घंटेपर्यंत साडेबावीस मिनिटं उरली, ती उरलीच.

त्या खुर्चीवर तुकड्यातुकड्यांनी शाळा भरू लागली. सिग्नेला 'क'पर्यंत यायचं, इत्सेलला जेवण आणि चित्रकला, ए डोला निम्मी गोष्ट, आणि अन्सगार आला की गोष्टीतल्या लांडग्याचं काय झालं ते विचारत बसायचा. चौघांना मिळून कप्पा एकच, साडेचार नंबर. जाणारं मूल खुर्ची बाहीनं पुसून द्यायचं, येणारं म्हणायचं, "बस की अजून," आणि दोघं जण तिथे उभी राहून एकमेकांना बस बस करत असायची, मधली खुर्ची रिकामी. बाकीच्या पोरांनी दोरीवरच्या उड्यांना गाणं केलं:

*वडी उरली एक गं, घेशील का?*
*अर्धी तुला, अर्धी मला, पुरशील का?*
*अर्ध्यातली अर्धी गं, सुरी कुठे?*
*कण उरला बोटावर, फुंकर सुटे!*

'फुंकर सुटे'ला सगळी एकदम फुंकायची आणि दोरी टाकून पळायची. आर्डिसला खिडकीतून ते ऐकू यायचं आणि ती खिडकी लावून घ्यायची.

वीस सप्टेंबरला तिनं परिचयाचं पान उघडलं आणि पहिल्या चौकटीत प्रामाणिकपणे भरलं: नव्व्याण्णव पूर्णांक पंधरा छेद सोळा. चौकट लाल झाली. दुसऱ्या दिवशी सेंट पॉलहून फोन आला. संस्थेचे कर्टिस एबेलिंग. आवाज मऊ, मागे कागदांची सळसळ.

"बाई, ही चौकट पूर्ण आकडाच घेते."

"मला वाटलंच होतं."

"मुलं येतात किती?"

"एकशे तीन."

"मग एकशे तीन लिहा. म्हणजे नको, सनदेत शंभर आहे. एकशे तीन कशी?"

"नव्व्याण्णव पूर्ण आहेत. एक मूल चौघांत मिळून आहे. त्यातलाही सोळावा भाग मोकळा आहे."

"मोकळा का?"

"शेवटचा आहे ना तो."

पलीकडे कागद खाली ठेवल्याचा आवाज आला.

"माझी आई तुमच्याच बाजूची, फर्गस फॉल्सची," एबेलिंग हळूच म्हणाले. "मला समजतं. पण संस्थेला समजत नाही, बाई. यंदा तुमचं पंधरावं वर्ष, सनद नव्यानं व्हायची आहे. एक ऑक्टोबरला मी येऊन डोकी मोजणार. शंभर भरली नाहीत तर जूनमध्ये शाळा बंद होईल. मला फार वाईट वाटेल, पण मी तसं लिहीन."

शाळा बंद म्हणजे बस. पन्नास मैलांवरच्या मोठ्या गावाला जाणारी, पहाटेच्या काळोखात निघणारी. आर्डिसला ती बस ठाऊक होती. जुनी शाळा गेली त्यानंतरची दोन वर्षं तिची धाकटी, लिन्नेआ, त्याच बसनं गेली. हिवाळ्यात पोर काचेला गाल टेकून झोपायची, आणि संध्याकाळी उतरली की गालावर एक पांढुरकी, गार खूण असायची, जशी ताटावर वाफ धरावी तशी. आर्डिस तळहात त्यावर ठेवून ती खूण वितळेपर्यंत दारातच उभी राहायची. त्या दोन वर्षांपायी तिनं गावातल्या लोकांना गोळा करून ही शाळा उभी केली होती. लिन्नेआ आता सिएटलला असते, दोन पोरांची आई आहे. पण आर्डिसच्या तळहाताला ती गारठ्याची खूण अजून आठवते.

मुख्याध्यापक ड्वेन स्टाविग यांना तिनं चर्चच्या रविवारच्या शाळेत त्यांच्या लहानपणी गोष्टी सांगितल्या होत्या, त्यामुळे ती त्यांना अरेतुरे करायची आणि ते तिला अहोजाहो. तिनं सगळं सांगितलं. ड्वेननं खिडकीबाहेर पाहिलं.

"याहून वाईटही होऊ शकलं असतं," तो म्हणाला.

"कसं रे?"

त्यानं विचार केला. "बघतो," म्हणाला.

एकोणतीसला सभा बोलावली. सगळे आले, कारण न येणं बरं दिसलं नसतं. चौघांचे पालक पहिल्या रांगेत बसायचे होते म्हणून पहिली रांग रिकामी होती. मधल्या टेबलावर आर्डिसच्या रूबार्बच्या वड्या. ड्वेननं हवेबद्दल, मग मक्याबद्दल बोलून घेतलं आणि आर्डिसकडे पाहिलं.

आर्डिस उभी राहिली. आयुष्यात कधी बोलली नव्हती इतकं परखड बोलायचं तिनं घरून ठरवून आणलं होतं.

"मला असं वाटतं," ती म्हणाली, "की एखाद्यानं ती पूर्ण घेतली असती, तर ते फार वाईट दिसलं नसतं, असं काही जणांना वाटू शकेल."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. एवढं तोंडावर कुणी कुणाला बोलत नसे. लोवेलचा चेहरा बिटासारखा लाल झाला. तो उठला.

"चूक माझी. मी निम्मी उचलली, हावरटासारखी. आमची सिग्ने काढून घेतो मी. इत्सेलला द्या पूर्ण."

"छे छे!" ओफेलिया उठली. "सिग्नेची काढून माझ्या पोरीला? मी तोंड कुठे दाखवू? इत्सेल उद्यापासून येणार नाही. ए डोला द्या."

"आमचा तर भुकेचाही नाही," नॉ पॉ वाह म्हणाली. ते काय होतं कुणालाच कळलं नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. "आमचंही राहू दे. अन्सगारला."

पास्टर तर कधीच उभे राहिले होते, डोळे मिटून. "माझी साडेबावीस मिनिटं," ते म्हणाले, "मनाला लागून राहिली होती. आज मी ती सोडतो."

टाळ्या पडल्या. ड्वेनचे डोळे पाणावले. इतकी चांगली माणसं एका छताखाली, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. दाराशी तासभर निरोप चालला. सगळे गेले तेव्हा ताटात एक कण होता आणि शाळेत मुलं होती नव्व्याण्णव.

"आता याहून वाईट..." ड्वेन म्हणाला आणि थांबला.

दुसऱ्या दिवशी, तीसला, ओफेलिया साडेचार नंबरच्या कप्प्यातून मुलीचे बूट न्यायला आली. इत्सेल तिच्या स्कर्टला धरून होती. आर्डिसपाशी येऊन तिनं मान वर केली.

"मग माझा दीड तास कुठे गेला?"

"मिहा, चल गं पोरी," आई म्हणाली.

"कुणी घेतला?"

"कुणीच नाही गं," आर्डिस म्हणाली.

"मग तिथेच असेल," इत्सेल म्हणाली आणि पहिलीच्या वर्गाच्या दाराशी जाऊन वाकून पाहून आली. आपला दीड तास सुखरूप आहे याची खात्री झाल्यासारखी ती बाहेर पडली.

आर्डिस उठून स्वयंपाकघरात गेली. रडायचं तर तिथे वाफ असते, कुणाला कळत नाही. दुपारच्या जेवणाची घाई चालली होती. मुलं ताटल्या घेऊन एकेक पुढे सरकत होती. नॉ पॉ वाहच्या पुढ्यात सफरचंदाच्या वड्यांचा ट्रे, त्यात तीन उरल्या होत्या. दोन झाल्या. आणि नॉ पॉ वाहनं मान न वळवता डाव्या हातानं मागचा भरलेला ट्रे ओढून पहिल्याला चिकटवून ठेवला. पुढच्या पोरानं एक उचलली, त्याच्या मागच्या पोरीनं राहिलेली उचलली. कुणी सुरी मागितली नाही. कुणी थबकलंही नाही.

आर्डिस हातात नाक पुसायचा कागद घेऊन तशीच उभी.

"पॉ वाह, तू हे नेहमी असंच करतेस?"

"कसं?"

"दुसरा ट्रे. आधीच आणून ठेवतेस."

नॉ पॉ वाह हसली. "थ्रामू, तुम्हीच तर शिकवलंत. माझा पहिला हिवाळा. चर्चच्या तळघरात, एका म्हाताऱ्या बाईंच्या मयताचं जेवण. मी एका कणापाशी ताट धरून पाऊण तास उभी होते. तुम्ही कानात म्हणालात, 'दुसरं ताट दिसलं की पहिल्यातलं शेवटचं, शेवटचं राहत नाही.' म्हणून तर मी तुम्हाला थ्रामू म्हणते."

आर्डिस कोट न घालताच घरी गेली. स्वयंपाकघरात टेबलाशी तीन खुर्च्या होत्या, त्यांतली खिडकीकडची लिन्नेआची. पिवळं रेक्झिन, एका कडेला फाटलेलं, त्यावर चिकटपट्टी. तिनं ती काखेत मारली आणि भर रस्त्यानं शाळेत आणली. पहिलीच्या वर्गात रिकाम्या खुर्चीशेजारी, चिकटवून, ठेवली.

ड्वेन मागून धावत आला. "बाई, हे काय? सनदेत शंभर आहे."

"सनदेत मुलं शंभर आहेत. खुर्च्यांचं कुणी लिहिलंय?"

त्यानं कपाटातून सनद काढून आणली. दोघांनी चष्मे लावून वाचली. खुर्च्यांबद्दल अक्षर नव्हतं.

"पण ही पिवळीसुद्धा कुणी घेतली तर?" ड्वेनच्या कपाळावर घाम आला. "एकशे एक झाली तरी सनद मोडते!"

आर्डिसनं चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "या गावात?"

"हो, तेही खरं," ड्वेन म्हणाला.

तिनं लोवेलला फोन लावला. "लोवेल, पहिलीत दोन जागा आहेत."

"दोन? काल तर..."

"येऊन बघ."

दहाव्या मिनिटाला पिकअप दाराशी. लोवेल वर्गात आला, बाळंतिणीच्या खोलीत यावं तसा पाय न वाजवता. त्यानं एका खुर्चीच्या पाठीला हात लावला, मग दुसरीच्या.

"ही तुझ्या स्वयंपाकघरातली."

"हो."

"म्हणजे दोन आहेत."

"तूच मोज."

"म्हणजे सिग्ने हिच्यावर बसली, तरी कुणाला लागलीच तर ही आहे."

"ही आहे."

"नको, पण तरी..."

"बसू दे तिला, लोवेल."

"आम्हाला काय, आम्ही कुठेही..."

"लोवेल."

त्यानं टोपी डोक्यावर घातली, काढली, परत घातली. "बरं," तो म्हणाला, "तू म्हणतेच आहेस तर."

एक ऑक्टोबरला सिग्ने साडेआठला आली आणि साडेअकराला उठली नाही. साडेअकराच्या सुमारास ती जरा कासावीस झाली, बाहीनं खुर्ची पुसायला लागली. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा परत बसली. 'क'च्या पुढे काय असतं ते तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

एबेलिंग दुपारी आले. उंच, वाकलेला माणूस, हातात मोजायचं छोटं यंत्र, अंगठ्यानं दाबलं की टिक वाजायचं. पाचवीपासून मोजत खाली आले. गल्लीतून, बाणाच्या उलट्या दिशेनं. पहिलीत शिरले. टिक, टिक. सिग्नेपाशी शेवटची टिक झाली आणि त्यांनी यंत्र डोळ्यांजवळ नेलं.

"शंभर," ते म्हणाले. मग पिवळ्या खुर्चीकडे पाहिलं. "ही कुणाची?"

"शेवटची," आर्डिस म्हणाली.

एबेलिंगनी मान हलवली. सकाळी तीन तास गाडी चालवून ते आले होते, वर्गातली गोष्ट संपेपर्यंत थांबायचं होतं आणि गुडघे दुखत असावेत, कारण ते एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत होते. आर्डिसनं तीनदा म्हटलं, "बसा ना." ते तिन्ही वेळा म्हणाले, "उभं राहायलाच बरं वाटतं." आणि भिंतीला टेकून त्यांनी लांडग्याचं काय झालं ते शेवटपर्यंत ऐकलं.

मग कचेरीत सगळे जमले. ड्वेन, नॉ पॉ वाह, सिग्नेला घ्यायला आलेला लोवेल. दाराबाहेर ओफेलिया; ती अभिनंदन करायला आली होती आणि आत जागा कमी आहे म्हणून बाहेर होती. इत्सेल तिच्या कमरेआडून पाहत होती. टेबलावर रूबार्बच्या वड्यांचं ताट फिरलं आणि एका वडीवर येऊन थांबलं.

"शाळा चांगली आहे," एबेलिंग म्हणाले. "सनद नवी होईल. नव्या सनदेत मुलांचा आकडा तुम्ही सांगायचा असतो. सही झाली की त्या दिवसापासून लागू." त्यांनी पेन उघडलं. "शंभरच लिहू?"

"शंभर पुष्कळ," ड्वेन म्हणाला. "जास्त मागणं बरं..."

आर्डिसच्या डोळ्यांपुढे साडेचार नंबरचा कप्पा होता. सिग्नेच्या एका जोडीपुरता भरलेला, बाकीचा रिकामा. तिनं दाराकडे पाहिलं. इत्सेल तिच्याकडे बघत नव्हती. ती लाकडी गल्लीच्या टोकाला, पहिलीच्या दाराकडे बघत होती. तिथे तिचा दीड तास ठेवलेला होता.

आर्डिसनं हात पुढे केला आणि ताटातली शेवटची वडी उचलली. अख्खी. सुरी शेजारीच होती, तिला तिनं हातही लावला नाही. लोवेलच्या तोंडून पणजोबांचं नॉर्वेतलं "उफ्फ दा" निघून गेलं. नॉ पॉ वाहनं तोंडावर हात ठेवला. दाराबाहेर ओफेलियानं छातीवर क्रूस काढला. ड्वेन खिडकीबाहेर बघायला लागला, जसं कुणी कपडे बदलत असताना बघावं. आर्डिस चावत राहिली. वडी आंबट होती, गोड होती, आणि पूर्ण होती. पासष्ट वर्षांत तिनं कधी पूर्ण शेवटची वडी खाल्ली नव्हती, आणि ती इतरांसारखीच लागते हे पाहून तिला जरा नवल वाटलं. ओठाला लागलेली साखर तिनं पुसली.

"एकशे तीन लिहा," ती म्हणाली.

आकड्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. सगळे रिकाम्या ताटाकडे पाहत होते.

"एकशे तीन," एबेलिंगनी लिहिलं. मग जरा थांबून, हलक्या आवाजात विचारलं, "आणि खुर्च्या?"

"एकशे चार."

त्यांनी तेही लिहून घेतलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. तोवर नॉ पॉ वाह आत जाऊन दुसरं ताट घेऊन आली होती आणि रिकाम्या ताटाला चिकटवून तिनं ते ठेवलं. सगळ्यांना एकदम श्वास आला. लोवेलनं दोन घेतल्या. ओफेलिया आत आली.

एबेलिंग दाराशी दीड तास निरोप घेत होते. त्यांची गाडी गेल्यावर आर्डिसनं परिचयाचं पान उघडलं. विद्यार्थी, लवकरच: एकशे तीन. बेचाळीस, चौतीस, सत्तावीस. चौकट हिरवी झाली. खाली 'विशेष'पाशी ती नेहमीसारखं 'काही नाही' लिहिणार होती. लिहिलंही. मग पुसलं, आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, लिहिलं:

'एक जागा नेहमी शिल्लक असते. पिवळी आहे. बसा.'